खरवस न होणारीं प्रथिनें

गाय व्याल्यावरचा चीक गूळ-वेलदोडा घालून वाफेवर उकडला म्हणजे त्याचा खरवस होतो, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. परंतु त्या खरवसाचा पुन्हा चीक कां होत नाहीं? चिकांतील प्रथिनें म्हणजे विशिष्ट प्रकारें घड्या पडलेल्या लांब साखळ्या होत. उष्णतेनें त्या घड्या उलगडतात, आणि मोकळ्या झालेल्या साखळ्या एकमेकींत गुंतून थिजतात. घडी गेली कीं प्रथिनाचें कार्यहि गेलें. बहुतेक प्राणिमात्रांच्या प्रथिनांची हीच गत. उकळत्या पाण्यानें जंतु मरतात ते याच कारणानें.

मग जे जंतु कढत पाण्यांतच सुखानें नांदतात, त्यांचें काय? थॉमस ब्रॉक या अमेरिकन शास्त्रज्ञांस १९६६ सालीं यलोस्टोन उद्यानांतील ऊन पाण्याच्या एका झऱ्यांत असा जंतु सांपडला. सुमारें ७० अंश सेंटिग्रेडचें उष्णमान त्यास विशेष मानवतें. ब्रॉक व त्यांचे विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनीं १९६९ सालीं त्यास ‘थर्मस ॲक्वाटिकस’ असें नांव दिलें. (विद्यार्थ्याच्या आडनांवाचा इंग्रजींत अर्थ ‘गोठणें’, योगायोग म्हणावयाचा!) इटलीच्या व्हल्कॅनो बेटावरून मिळालेला व १९८६ सालीं वर्णिलेला ‘पायरोकॉकस फ्युरिओसस’ तर १०० अंशांवर उत्तम वाढतो.

यांचीं प्रथिनें कांहीं निराळ्याच द्रव्याचीं असावींत, असें प्रथम वाटतें. तसें नाहीं. आपल्या शरीरांत आहेत तींच वीस अमिनो आम्लें तेथेंहि आहेत. वर्णमाला तीच, वर्णांचा क्रम तेवढा कोठें कोठें बदललेला. परंतु त्या बदलामुळें साखळीचा पाण्यास टाळणारा भाग आंत अधिक दाटीनें बसतो, बाहेरचे सैल वेढे आंखूड होतात, आणि धन व ऋण विद्युद्भाराचे घटक समोरासमोर येऊन एकमेकांस धरून ठेवतात. पायरोकॉकसच्या एका एन्झाईमांत अशा १८ घटकांचें जाळेंच १९९५ सालीं दिसून आलें. तथापि प्रत्येक प्रथिन हे सारेच उपाय योजतें असें नव्हे. कोणी एक पत्करतें, कोणी दुसरा. एकच गुरुकिल्ली शोधणारांची येथें निराशा होते.

या बळकटीस मोलहि द्यावें लागतें. काम करावयाचें तर प्रथिनास थोडें लवावें लागतें, आणि हीं ताठर प्रथिनें आपल्या खोलीच्या उष्णमानांत बहुधा आळसावतात.

थर्मसचें, डीएनएची नक्कल करणारें एन्झाईम १९७६ सालीं वेगळें काढण्यांत आलें. पुढें १९८३ सालीं कॅरी मुलिस यांनीं ‘पीसीआर’ पद्धति शोधली. तींत डीएनएचे दोन धागे सुटे करण्यास दर फेरीला सुमारें ९५ अंशांपर्यंत ताप द्यावा लागतो. प्रारंभीं वापरलेलें साधें एन्झाईम त्या तापानें निकामी होई, व प्रत्येक फेरीस नवें घालावें लागे. थर्मसचें एन्झाईम मात्र एकदां घातलें कीं तिसेक फेऱ्या निभावतें. २०२० सालीं कोरोनाच्या सांथींत नाकांत काडी फिरवून ज्या ‘आरटीपीसीआर’ चांचण्या झाल्या, त्यांत नकला काढण्याचें काम याच एन्झाईमाकडे किंवा त्याच्या सुधारलेल्या रूपांकडे होतें.