न निघालेल्या खेळांचे दप्तर
बंद पडलेल्या यंत्रांवरील रद्द झालेले व्हिडिओ गेम जगभर शोधले जात आहेत; बेळगाव-निपाणीच्या सीमाभागाने या शोधाकडे का पाहावे?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी आणि ई-स्पोर्ट्ससारख्या खेळांना उत्तेजन, असे त्याचे दुहेरी स्वरूप आहे. त्याच्या आगेमागे कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी ॲनिमेशन व गेमिंग उद्योगासाठी स्वतंत्र धोरणे आखली. या साऱ्या चर्चेचा भर रोजगार, गुंतवणूक आणि व्यसनाधीनता यांवर राहिला, आणि ते स्वाभाविकही आहे. एक प्रश्न मात्र चर्चेबाहेरच राहिला. जो खेळ तयार होतो, किंवा तयार होता होता रद्द केला जातो, तो पुढे कोणाच्या स्वाधीन राहतो? त्याचे दप्तर कोण सांभाळतो?

हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. परंतु जगात आज काही संशोधक आपली उमेद याच प्रश्नामागे खर्च करीत आहेत. त्यांच्या अभ्यासाचा विषय आहे उत्पादन थांबलेल्या यंत्रांसाठी बनवले गेलेले, पण बाजारात कधीच न आलेले व्हिडिओ गेम.

ड्रीमकास्टचा दाखला

या शोधाचे सर्वांत बोलके उदाहरण सेगा या जपानी कंपनीच्या ड्रीमकास्ट या यंत्राचे. १९९८ च्या अखेरीस जपानमध्ये आलेले हे यंत्र बंद करण्याची घोषणा कंपनीने ३१ जानेवारी २००१ रोजी केली. जगभरात नव्वद लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली होती; तरीही सोनीच्या प्लेस्टेशन २ पुढे त्याचा निभाव लागला नाही. यंत्र बंद झाले तेव्हा त्यासाठीचे कित्येक खेळ निर्मितीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर होते. ‘हाफ-लाइफ’ या गाजलेल्या खेळाची ड्रीमकास्ट आवृत्ती जवळजवळ पूर्ण झालेली असताना जून २००१ मध्ये रद्द झाली. तिच्यासोबत देण्यासाठी रचलेला ‘ब्लू शिफ्ट’ हा भाग त्याच महिन्यात संगणकासाठी स्वतंत्रपणे प्रसिद्ध करण्यात आला. म्हणजे दुकानातून विकत घेतलेल्या एका खेळाचे मूळ एका न निघालेल्या खेळात होते, हे मूळ आवृत्ती हाती आल्याखेरीज नीट उमगत नाही.

‘प्रोपेलर अरीना’ या विमानयुद्धाच्या खेळाची कथा आणखी वेगळी. तो सप्टेंबर २००१ मध्ये निघायचा होता. अकरा सप्टेंबरला न्यूयॉर्कवर हल्ला झाला आणि उंच इमारतींभोवती विमाने घिरट्या घालणारा खेळ विकणे कंपनीला अनुचित वाटले. कोनामीने २००० साली गुंडाळून ठेवलेला ‘कॅसलव्हेनिया रेझरेक्शन’ तर वीस वर्षे केवळ छायाचित्रांतून ठाऊक होता. त्याची एक अपुरी प्रत २०२१ च्या प्रारंभी सर्वांसमोर आली. निन्टेन्डोचा ‘स्टार फॉक्स २’ नव्वदच्या दशकाच्या मध्यास पूर्ण होऊनही नव्या यंत्राच्या आगमनापायी बाजूला पडला आणि कंपनीने तो अधिकृतपणे दिला २०१७ साली!

हे शोधकाम कसे चालते, हे पाहण्याजोगे आहे. जुन्या मासिकांतील जाहिराती आणि ‘लवकरच येत आहे’ अशा याद्या हा त्याचा पहिला आधार. त्यानंतर व्यापारचिन्हांच्या नोंदी, वयोगट ठरवणाऱ्या मंडळांची प्रमाणपत्रे, निर्मात्यांनी नोकरीच्या अर्जात नमूद केलेली कामे. परीक्षणासाठी पत्रकारांकडे पाठवलेल्या चकत्या कधी कधी एखाद्याच्या कपाटात सापडतात. अशी चकती हाती लागली की तिची अक्षरशः नक्कल उतरवली जाते, तिच्यातील धारिकांवरील तारखा तपासल्या जातात, आणि इतर प्रतींशी ताडून पाहून ती खरी की बनावट हे ठरवले जाते. आपल्याकडे पोथ्यांचे पाठभेद लावणारे अभ्यासक जे करतात, त्याहून हे काम तत्त्वतः वेगळे नाही.

वेळ मात्र पोथीइतका हाताशी नसतो. पोथी शतकानुशतके टिकते. कोऱ्या चकतीवर घरगुती पद्धतीने उतरवलेला मजकूर काही दशकांतच वाचेनासा होऊ शकतो. निर्मितीच्या काळात वापरल्या जाणाऱ्या चिपमधील विद्युतभार हळूहळू झिरपून जातो आणि त्याबरोबर मजकूरही.

आपल्या मुलखातला इतिहास

यावर बेळगाव, खानापूर, चिकोडी किंवा निपाणीतला वाचक म्हणेल, की ड्रीमकास्ट आम्ही पाहिलेही नाही. ते खरे आहे. सीमाभागातील मध्यमवर्गीय घरांत नव्वदच्या दशकात आला तो ‘टीव्ही गेम’, आणि त्याची ‘कॅसेट’. निन्टेन्डोच्या जुन्या यंत्राच्या या नकला होत्या. नाव वेगळे, वेष्टन वेगळे, आतील रचना तीच. सेगाचे अस्सल यंत्र शॉ वॉलेसमार्फत भारतात येत होते, पण त्याची किंमत सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेरची होती. कॅसेटवर शेकडो, हजारो खेळ असल्याचे छापलेले असे. प्रत्यक्षात मोजके खेळ नावे पालटून पुन्हा पुन्हा येत. मारिओ, काँट्रा, बदकांची शिकार. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत या कॅसेटींची अदलाबदल गल्लीगल्लीत चाले. मराठी घरातील मूल आणि कन्नड घरातील मूल एकाच पाटावर बसून एकच खेळ खेळत होते, आणि त्या खेळाची भाषा दोघांचीही नव्हती.

या कॅसेटींना कोणी मोल देत नाही. संशोधनाच्या दृष्टीने मात्र त्या दुर्लक्षणीय नाहीत. नक्कल करणाऱ्यांनी मूळ खेळांत फेरफार केले, चित्रे बदलली, एका खेळातील पात्र दुसऱ्यात घातले. कंपनीच्या परवान्याशिवाय बनलेले काही स्वतंत्र खेळही त्यांतून फिरले. त्यांची अधिकृत नोंद कोठेही नाही. ज्याची नोंद नाही ते केवळ वस्तूच्या रूपानेच टिकते, आणि ती वस्तू माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत असते किंवा भंगारात जाते. चाचेगिरीनेच जतन घडवावे, हा या विषयातील मोठाच विरोधाभास होय.

भारतीय निर्मितीचा इतिहासही अगदीच कोरा नाही. प्लेस्टेशन २ साठी बनलेला पहिला भारतीय खेळ ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हैदराबादेत तयार झाला आणि २००९ मध्ये बाजारात आला. त्याच वर्षी कबड्डी, विटीदांडू यांसारख्या देशी खेळांवरचा ‘देसी अड्डा’ आला. मुंबईतील ट्राइन गेम्सने गल्ली क्रिकेटवर खेळ काढला. २०१३ च्या प्रारंभी प्लेस्टेशन २ चे उत्पादन थांबले. जे खेळ निघाले, तेही आज जुन्या चकत्यांच्या बाजारातच शोधावे लागतात. मग जे कागदावर, अर्धवट संकेतात किंवा चाचणीच्या प्रतीत थांबले, त्यांचा माग कोण काढणार?

येथे प्रश्न केवळ हौसेचा उरत नाही. बंगळूरची ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही संस्था १९९७ मध्ये स्थापन झाली. तेव्हापासून परदेशी खेळांसाठी चित्रे, रचना, संकेतलेखन करून देण्याचे काम भारतात वाढत गेले. बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून बाहेर पडणारी मुले बंगळूर, पुणे, हैदराबाद येथे जातात. गोव्यातूनही चोर्ला घाट ओलांडून शिक्षणासाठी बेळगावला जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. यांतल्या कोणाच्या वाट्याला रद्द झालेला प्रकल्प आला, तर दोन-तीन वर्षांच्या श्रमांचा दाखला त्याच्याकडे राहत नाही. गोपनीयतेच्या करारामुळे तो त्याबद्दल बोलू शकत नाही, श्रेयनामावली तर निघालेलीच नसते. सिनेमा डब्यात गेला तरी पोस्टर आणि गाणी मागे राहतात. रद्द झालेल्या खेळामागे बहुधा काहीच राहत नाही. न निघालेल्या खेळांचा इतिहास हा अशा अनाम कारागिरांच्या श्रमाचाही इतिहास आहे.

कायद्यातील पोकळी

आपल्याकडे छापील पुस्तकासाठी व्यवस्था आहे. १९५४ च्या कायद्यान्वये प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना देणे बंधनकारक आहे. १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रांची भर पडली. व्हिडिओ गेम या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. फ्रान्सने १९९२ च्या कायद्याने आणि जपानने २००० पासून ते ग्रंथालयीन जमा-पद्धतीत आणले.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवण्याची मुभा देते; अट एवढीच, की त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असावी. पुस्तकाला ही अट लागू पडते. जो खेळ जन्मतःच डिजिटल आहे, त्याची बिगर-डिजिटल प्रत आणायची कोठून? कायदा करणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर पुस्तक होते, इतकेच.

परदेशातही सारे आलबेल नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार त्या देशात २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. संशोधकांना ग्रंथालयांतून असे खेळ दूरस्थपणे पाहू द्यावेत, ही मागणी तेथील प्रताधिकार यंत्रणेने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. युरोपात मात्र, कंपनीने सर्व्हर बंद केला की विकत घेतलेला खेळही निरुपयोगी होतो याविरुद्धच्या मोहिमेला जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक नागरिकांनी स्वाक्षऱ्या दिल्या.

आक्षेपांचा विचार

या शोधाविरुद्धचे आक्षेप फेटाळून लावण्याजोगे नाहीत. अपुरी कृती लोकांसमोर यावी का, हा निर्मात्याचा अधिकार नव्हे काय? ज्याने स्वतः लिखाण फाडून टाकले, त्याची केराची टोपली उपसणे कोणाही लेखकाला रुचणार नाही. शिवाय जुन्या हार्डडिस्कवर खेळाबरोबर माणसांचे पगार, पत्रे, पत्तेही असतात. पैशाचा मोहही आहे. निन्टेन्डो आणि सोनी यांनी मिळून बनवलेल्या, कधीच न विकल्या गेलेल्या यंत्राचा एक नमुना मार्च २०२० मध्ये ३ लाख ६० हजार डॉलरला लिलावात गेला. असे भाव आले की संग्राहक प्रत दडवून ठेवतो आणि अभ्यासक दाराबाहेर राहतो.

या आक्षेपांतून निघणारा निष्कर्ष मात्र जतन थांबवा असा नाही. जतन करणे आणि प्रसिद्ध करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. दप्तरखान्यात कागद ठेवला म्हणजे तो चव्हाट्यावर मांडला असे होत नाही. ठरावीक मुदतीपर्यंत मोहोरबंद ठेवावे, खासगी मजकूर वगळावा, केवळ वाचनकक्षातच पाहू द्यावे, हे नियम दप्तरखान्यांना नवे नाहीत. आज जतन करण्याचा निर्णय उद्या फिरवता येतो. नष्ट झालेली प्रत मात्र कोणत्याही निर्णयाने परत येत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ या १९१३ च्या चित्रपटाची पूर्ण प्रत आपल्याकडे नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले १९६४ मध्ये, म्हणजे तब्बल एक्कावन्न वर्षांनी. खेळांच्या बाबतीत तीच दिरंगाई आपण डोळसपणे करणार आहोत काय?

सीमाभाग काय करू शकतो?

सीमाभागातील माणसाला दप्तराचे मोल समजावून सांगावे लागत नाही. १९५६ ची राज्यपुनर्रचना, महाजन आयोग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, या साऱ्या प्रवासात जनगणनेचे तक्ते, शाळांच्या पटनोंदी, जमिनीचे उतारे यांनाच आवाज फुटला. ते कागद लिहिणाऱ्या कारकुनाला त्यांचे पुढे काय होणार, याची कल्पना नव्हती. कोणती नोंद उद्या महत्त्वाची ठरेल हे आज ठरवता येत नाही, हा धडा या भागाने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

करायच्या गोष्टी अवघड नाहीत. अभियांत्रिकी महाविद्यालयांत अंतिम वर्षाच्या प्रकल्पात विद्यार्थी खेळ बनवतात; त्यांचा छापील अहवाल जमा होतो, तसा मूळ संकेतही धावत्या प्रतीसह जमा करून घेण्याचा नियम विद्यापीठाला करता येईल. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या संस्थांनी नव्वदच्या दशकातील टीव्ही गेम, कॅसेटी, दुकानांच्या पावत्या आणि जाहिराती यांची निदान सूची तरी करावी. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही, शाईच्या पेनाने भरलेली एक वहीही पुरेल. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांतील घरांना या सूचीत सारखेच स्थान राहील, आणि असा उपक्रम या भागात सहजासहजी सापडत नाही. कायद्याच्या पातळीवर १९५४ च्या कायद्याची व्याप्ती वाढवणे आणि कलम ५२ मधील ‘बिगर-डिजिटल’ ही अट शिथिल करणे, या दोन दुरुस्त्या केंद्राला करता येतील. गोव्याने, ज्याच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते, ही मागणी संसदेत मांडण्यास हरकत नसावी.

तोवर घरोघरच्या माळ्यांवर जे आहे ते आहे. दिवाळीची साफसफाई दरवर्षी होते आणि भंगारवाला दारात येतो. त्याच्या तराजूत जुनी कॅसेट टाकण्यापूर्वी तिच्यावरचे नाव, घेतल्याचे साल आणि दुकान एवढे तरी एका कागदावर टिपून ठेवावे, आणि जमल्यास ती कॅसेट वाचनालयाकडे द्यावी.