चौकटीतले विजापूर

विजापूरच्या घुमटांची जुनी इंग्रजी चित्रे हल्ली चौकट घालून आपल्या दिवाणखान्यांत लागू लागली आहेत. बारीक रेघांचे कोरीव ठसे, पडकी भिंत, कमानीतून उगवलेले झाड, कोपऱ्यात अंगठ्याएवढा माणूस. पाहणारा ‘क्या शान थी!’ म्हणून उसासा टाकतो. माझा आक्षेप या उसाशाला आहे.

ही चित्रे तयार केली कोणी? 1866 साली लंडनच्या जॉन मरे यांनी विजापूरच्या वास्तूंवर रेखाटनांचा आणि छायाचित्रांचा मोठा ग्रंथ काढला. शीर्षकपानावर कॅप्टन हार्ट आहेत, कमिंग आहेत, छायाचित्रे घेणारे बिग्ज आणि लॉक आहेत, इतिहास लिहिणारे मेडोज टेलर आहेत, वास्तुटीपा देणारे जेम्स फर्ग्युसन आहेत. पदरमोड करणारे मुंबईचे करसनदास माधवदासही आहेत. उरलेली रेखाटने ज्यांनी केली ते मात्र नुसते ‘नेटिव्ह ड्राफ्ट्समेन’. ज्या इब्राहीम रोज्याचे या ग्रंथाने कौतुक केले, त्याच्या शिलालेखात ते काम पार पाडणाऱ्या मलिक संदलचे नाव आहे. दगडात जे मावले, ते कागदावर मावले नाही!

फर्ग्युसनशी माझे वैर नाही. गोल घुमटाची जमीन रोमच्या पॅंथिऑनपेक्षा मोठी, 18,000 चौरस फुटांहून अधिक, हे त्याने मोजून दाखवले. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींचा भार आत झुकतो आणि घुमटाचा बाहेर रेटा मारणारा जोर तोलून धरतो, हेही त्याने समजावले. इतकी बारीक नजर आपल्यातल्या कितीजणांना आहे? पण 1876 च्या आपल्या इतिहासात त्याने इमारतींच्या वाटण्या केल्या त्या बौद्ध, जैन अशा धर्माच्या नावांनी. आणि आपल्या वाट्याला दिले ‘इंडियन सॅरासेनिक’. सॅरासेन म्हणजे अरब. युरोपातल्या ख्रिस्ती लोकांनी दिलेले नाव. विजापूरच्या काळ्या दगडाचा त्याच्याशी संबंध काय?

आज हे लेबल दोघांना सोयीचे पडते. एक म्हणतो, हे परक्यांचे. दुसरा, आपल्यातलाच, छाती फुगवून म्हणतो, होय, आम्ही बाहेरूनच आलो. पहिल्या इब्राहीम आदिलशहाने दफ्तराचा हिशेब फारसीतून काढून इथल्या भाषेत आणला, दुसऱ्या इब्राहीमने दख्खनीत ‘किताब-ए-नौरस’ रचताना सरस्वतीचे स्मरण केले, हे दोघांनाही नको असते. चित्रात ते दिसतही नाही. चित्रात फक्त पडझड दिसते. बरे, ज्या राज्यातल्या साहेबांनी ही पडझड इतक्या हौसेने छापली, त्याच राज्यात विजापूरच्या एका मशिदीत डाकबंगला होता आणि दुसरीत पोस्ट ऑफिस! कर्झनने ती बिऱ्हाडे हलवली, तेव्हा विसावे शतक उजाडले होते.

उसासे टाकायला सोलापूरकरांना विजापूरपर्यंत जायचीही गरज नाही. हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग आहे. टेलरसाहेब तिथेच अंमलदार म्हणून राहिले होते. पावसाळ्यात आपली कुटुंबे डबे घेऊन नर-मादी धबधबे पाहायला तिथे जातात, बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणीमहालात भिजतात, फोटो काढतात. 1613 साली तो बांधणाऱ्या मीर इमादीनचे नाव त्यांतल्या किती मुलांना सांगितले जाते? भिंतीवर चित्र लावायचेच असेल तर त्याखाली मलिक संदल, मीर इमादीन ही नावे देवनागरीत लिहून लावा. ‘सॅरासेनिक’ हा शब्द खोडायला पेन्सिलही पुरते.