टायटॅनिकचा शोध, घरबसल्या!

काय दोस्तांनो, ‘टायटॅनिक’ सिनेमा पाहिलाय ना? मग एक प्रश्न हमखास पडला असेल. त्यातले जॅक आणि रोझ खरंच त्या जहाजावर होते का?

उत्तर आहे, नाही! ती दोघं दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांच्या कल्पनेतली. पण जहाज खरं, हिमनग खरा आणि १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे अटलांटिकच्या गारठलेल्या पाण्यात गेलेले सुमारे १५०० जीवही खरे. कोण होती ती माणसं? चला, आज इंटरनेटवर त्यांनाच शोधू या.

पहिला मुक्काम ‘एन्सायक्लोपीडिया टायटॅनिका’. १९९६ मध्ये सुरू झालेल्या या वेबसाइटवर प्रवासी आणि खलाशी यांची नावानिशी माहिती मिळते. तिथं ‘रूथ बेकर’ हे नाव शोधा. बारा वर्षांच्या या मुलीचा जन्म कुठला, ठाऊक आहे? आजच्या आंध्र प्रदेशातल्या गुंटूरचा! धाकटा भाऊ आजारी, म्हणून आई तिन्ही मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली होती. त्या रात्रीच्या गडबडीत आई आणि धाकटी भावंडं एका होडीत चढली आणि रूथ मागेच राहिली. तिला दुसऱ्या होडीत, १३ नंबरच्या, जागा मिळाली. मदतीला आलेल्या ‘कार्पेथिया’ जहाजावर मायलेकींची पुन्हा भेट झाली. जॅक-रोझपेक्षा ही गोष्ट काही कमी नाही, खरं ना?

दुसरा मुक्काम जुनी वर्तमानपत्रं. अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने ती मोठ्या संख्येने वेबसाइटवर ठेवली आहेत. १५ आणि १६ एप्रिल १९१२ चे अंक उघडा. गंमत म्हणजे, नव्हे, दु:खाची गोष्ट म्हणजे, काही पत्रांनी आधी ‘सगळे प्रवासी सुखरूप’ असंच छापलं होतं! ते वाचून किती घरांनी सुटकेचा श्वास टाकला असेल आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं काय झालं असेल? तेव्हा छापलेलं ते सगळं खरं, असं समजू नका बरं का! आणि पडद्यावर दिसलेलंही नाही.

तिसरा मुक्काम ‘टायटॅनिक इन्क्वायरी प्रोजेक्ट’. अमेरिका आणि ब्रिटन, दोन्ही देशांनी या अपघाताची चौकशी केली. साक्षीदारांचे जबाब इथं शब्दश: वाचायला मिळतात. ब्रिटनच्या चौकशीत तर २५ हजारांहून जास्त प्रश्न विचारले गेले!

आता एक कोडं. जहाज बुडताना त्याचे दोन तुकडे झाले का? काही साक्षीदार म्हणाले, ‘हो.’ वाचलेल्यांमधला सर्वांत वरिष्ठ अधिकारी चार्ल्स लाइटोलर म्हणाला, ‘नाही, अखंड बुडालं.’ अमेरिकेच्या चौकशी समितीनेही तेच मानलं. पण १९८५ मध्ये रॉबर्ट बॅलार्ड, ज्याँ-लुई मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सुमारे ३८०० मीटर खोलवर जहाजाचे अवशेष सापडले, ते दोन तुकड्यांत! लाइटोलर खोटं बोलला, असं लगेच म्हणू नका. काळोख्या रात्री, जीव वाचवण्याच्या धडपडीत माणसाला सगळं नीट दिसतंच असं नाही. म्हणून तर एकाच साक्षीवर विसंबायचं नसतं.

आपणही तेच करायचं. कुठलीही माहिती निदान दोन ठिकाणी पडताळून पाहायची आणि ती कुठून घेतली, ते वहीत लिहायचं. प्रकल्पासाठी नुसतं उतरवून काढलंत, तर बाई ओळखतीलच!

या वेबसाइट्स इंग्रजीत आहेत, तेव्हा शब्दकोश जवळ ठेवा. आणि आई-बाबांनो, तुम्हीही शेजारी बसा. काही जबाब मन हेलावणारे आहेत. ते एकट्याने वाचण्यापेक्षा सोबतीने वाचलेले बरे.

मग, या आठवड्याचा उद्योग ठरला ना? टायटॅनिकवरचं एक खरं नाव शोधा आणि त्याची गोष्ट रात्री जेवताना घरच्यांना सांगा!