दिन की दीन?

१७ सप्टेंबर उजाडला की नांदेड-लातूरकडील घरोघरी मोबाईलवर शुभेच्छांचा वर्षाव होऊ लागतो. हेतू उत्तम, परंतु त्यांपैकी कित्येकांत ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दीन’ असे लिहिलेले आढळते. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे लाचार. ज्या दिवशी, सन १९४८ मध्ये, हा प्रांत निजामाच्या सत्तेतून मुक्त झाला, तोच दिवस एका वेलांटीच्या फेराने दीन होऊन बसतो! ५ सप्टेंबरला आम्हां शिक्षकांचीही हीच गत होते.

कोणी म्हणेल, ‘अर्थ समजला म्हणजे झाले, एवढा काथ्याकूट कशास?’ घरच्या माणसांत हे चालून जाईल. पण तुमचा अर्ज अनोळखी गृहस्थ वाचू लागतो, तेव्हा तुमची मुद्रा अथवा आवाज त्याच्यापुढे नसतो. तुमची अक्षरे हीच तुमची ओळख. शुद्ध लिहिणे हे पांडित्याचे प्रदर्शन नव्हे. ती वाचणाऱ्याविषयीची सभ्यता होय.

मात्र एक भेद ध्यानी धरावा. बोली ही चूक नव्हे. ‘काय करूलालास?’ असे आपल्याकडील आई विचारते, त्यात काही उणे नाही. त्यास जो हसतो, तो आपलेच अज्ञान प्रकट करतो. परंतु जे लेखन पुण्या-नागपूरच्या वाचकासही कळावयाचे, त्याने सर्वांचे सामाईक नियम पाळावेत, इतकेच आमचे म्हणणे.

हे नियम फारसे कठीण नाहीत. सन १९६२ मध्ये शासनाने मान्य केलेल्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले व पुष्कळ भार हलका केला. नित्याच्या चुका मोजक्याच आहेत. ‘आणि’ यातील वेलांटी पहिली, ‘की’ यातील दुसरी. ‘शाळे मध्ये’ असा शब्द तोडू नये. ‘शाळेमध्ये’ असे जोडून लिहावे. ‘हार्दीक’ नव्हे, ‘हार्दिक’. ‘आशिर्वाद’ नव्हे, ‘आशीर्वाद’. ‘माझी मदत कर’ ही हिंदीची धाटणी. मराठीत ‘मला मदत कर’. मोबाईल शब्द सुचवितो खरा. परंतु दिन आणि दीन हे दोन्ही शब्द खरेच असल्यामुळे, तुमच्या मनात कोणता आहे हे त्यास कोठून कळावे?

आपल्या पूर्वजांच्या काळी या प्रांतात मराठीस राजदरबारी मान नव्हता. सन १९१८ मध्ये हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. उर्दू गोड भाषा, यात शंका नाही. परंतु आपल्या मातृभाषेतून उच्च विद्या घेण्याची सोय मराठी मुलास तेथे नव्हती. आज मराठीतून शिकण्याची व लिहिण्याची मोकळीक तुम्हांस आहे. ती हाती असता बेफिकिरीने लिहावे, हे आपणांस शोभते काय?

म्हणून विद्यार्थी मित्रहो, लिहिलेले पाठविण्यापूर्वी एकवार वाचून पाहा. पालकांनीही मुलांची चूक चारचौघांत न काढता, जवळ बसवून दाखवावी. मुक्तीचा दिन दीन होऊ न देणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.