दरसालची उजळणी

मनुष्याची काही कौशल्ये नित्याच्या वापराने आपोआप तल्लख राहतात, आणि काही, क्वचित उपयोगात येत असल्यामुळे, बाळगणाऱ्याच्याही नकळत गंजून जातात. अग्निशामकाच्या ठायी हे दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. शिडी लावणे, होज जोडणे, धुरात शिरून माणसे बाहेर काढणे ही कामे त्याला वारंवार करावी लागतात आणि प्रत्येक वर्दीगणिक त्याचा हात अधिक सराईत होतो. परंतु क्लोरीनचा गळका सिलिंडर, अमोनियाची फुटलेली वाहिनी किंवा महामार्गावर कलंडलेला एलपीजीचा टँकर यांच्याशी त्याची गाठ वर्षानुवर्षे पडत नाही, आणि पडते तेव्हा पुस्तक उघडून पाहण्यास सवड नसते. म्हणून घातक रसायनांविषयीचे उजळणी प्रशिक्षण राज्यातील प्रत्येक अग्निशामकास दरसाल आणि कायद्याच्या सक्तीने मिळाले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिकलेलेच पुन्हा कशाला शिकवावयाचे, असा आक्षेप यावर घेतला जातो. परंतु घातक रसायनांचे ज्ञान केवळ विस्मरणाने क्षीण होत नाही. साध्या आगींनी अंगी बाणविलेली सवय त्याला सतत मागे रेटत असते. त्वरेने जवळ जावे, पाणी मारावे, ज्वाला विझवावी, हा त्या सवयीचा उपदेश. आता क्लोरीनचे उदाहरण घ्यावे. गळतीच्या जागी थेट पाणी मारले तर आम्ल तयार होऊन धातू झिजतो आणि छिद्र अधिकच रुंदावते; तेथे सिलिंडर असा फिरवावा लागतो की छिद्र वरच्या अंगास येऊन द्रवाऐवजी वायूच बाहेर पडेल. हा वायू हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्यामुळे सखल भागात साचतो, म्हणून त्याच्याकडे वाऱ्याची दिशा पाहून उंचावरून जावे लागते. अमोनियाच्या ढगास मात्र पाण्याचा फवारा शोषून घेतो, तर कॅल्शियम कार्बाइडवर पडलेले तेच पाणी ज्वालाग्राही ॲसिटिलीन निर्माण करते. एलपीजीच्या टाकीच्या झडपेशी पेटलेली ज्वाला, गॅसचा प्रवाह बंद करता येत नाही तोवर, विझवावयाची नसते. दुरून विपुल पाणी मारून टाकीचे कवच थंड राखावयाचे असते, कारण ज्वाला विझली तरी न जळलेला गॅस जमिनीलगत पसरून दुसरी ठिणगी शोधू लागतो. ज्याचे सारे आयुष्य ज्वाला विझविण्यात गेले, त्याला समोरची ज्वाला जळू द्यावयास शिकविणे हे एका वेळच्या व्याख्यानाचे काम नव्हे.

अज्ञात मालाशी झुंजण्याची किंमत मुंबईने जितकी मोजली आहे तितकी क्वचितच दुसऱ्या शहराने मोजली असेल. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर आग लागली, त्या वेळी त्याच्या पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र भरलेली होती. आगीचे मूळ सापडेना, पाण्याचा मारा चालूच राहिला, आणि चारच्या सुमारास झालेल्या स्फोटाने व त्यापाठोपाठच्या दुसऱ्या स्फोटाने मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान हिरावून नेले. त्यांच्या स्मरणार्थ दरसाल त्याच दिवशी राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. पुढे २०१० च्या जुलैत शिवडीच्या हाजी बंदर परिसरात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरांतून क्लोरीन गळला, तेव्हा बाधा झालेल्या शंभराहून अधिक लोकांत मदतीस धावलेले अग्निशामकही होते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीने तर २०१६ आणि २०२४ अशा दोन वर्षांच्या मे महिन्यांत भीषण स्फोट अनुभवले. तळोजा, तारापूर, रोहा, महाड, लोटे, कुरकुंभ ही नावे ज्या राज्याच्या नकाशावर आहेत, त्या राज्यात असे प्रसंग अपवाद मानून चालणार नाही.

आपल्या कायद्यांना नियतकालिक तपासणीचे तत्त्व अपरिचित नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावे लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने घातक माल वाहणाऱ्या चालकाचा परवाना एकेका वर्षाचाच ठेवून नूतनीकरणापूर्वी एक दिवसाच्या उजळणीची अट घातली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती मुदत तीन वर्षांची झाली, हे मला खेदजनक वाटते. तरीही तत्त्व शिल्लक आहे, आणि ज्या कायद्याने पंपाची व चालकाची पारख आवश्यक मानली, त्याने तोच पंप चालविणाऱ्या आणि त्याच टँकरपाशी जाणाऱ्या जवानाच्या ज्ञानाची पारख ऐच्छिक ठेवू नये. अमेरिकेच्या संघीय नियमांत १९९० पासून रासायनिक दुर्घटनेस तोंड देणाऱ्यांना दरसाल उजळणी घेणे किंवा आपली पात्रता सिद्ध करणे बंधनकारक आहे. तेथेही टेक्सासमधील वेस्ट या गावी १७ एप्रिल २०१३ रोजी अमोनियम नायट्रेटच्या स्फोटात १५ जण दगावले, त्यांतील १२ मदतकार्यास धावलेले होते, आणि गावोगावच्या स्वयंसेवक जवानांच्या प्रशिक्षणातील उणीव तपासात स्पष्टपणे नोंदविली गेली. लहान गावच्या दलास वगळून केलेली व्यवस्था अपुरीच राहते, हा त्याचा बोध.

मनुष्यबळ अपुरे, पाळ्या लांब, आणि जवान प्रशिक्षणास धाडला तर बंबावर कोण बसणार, ही अडचण खरी आहे. अग्निशमन हे घटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार नगरपालिकांकडे येणारे काम असल्यामुळे लहान नगरपरिषदांची तिजोरी हीही अडचण खरी आहे. म्हणूनच हा खर्च राज्याने उचलावा, सांताक्रूझच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्रातील व नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातील तज्ज्ञांच्या साह्याने फिरती पथके केंद्रोकेंद्री धाडावी, आणि परिसरातील कारखान्यांनी आपल्या साठ्याचा तपशील व सरावाची जागा द्यावी. उजळणी केवळ चित्रफितीसमोर बसून होऊ नये. वाहनावरील फलकाचा क्रमांक दुर्बिणीतून वाचून १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे अमोनिया, १०७५ म्हणजे एलपीजी, हे क्षणात ओळखणे, श्वसनयंत्र व रसायनरोधक पोशाख चढवून प्रत्यक्ष काम करणे, आणि बाहेर येताच निर्विषीकरणाचे टप्पे बिनचूक पार पाडणे, याची परीक्षा व्हावी. अनुत्तीर्णास शिक्षा न करता पुन्हा शिकवावे. परंतु उत्तीर्ण होईपर्यंत त्यास रासायनिक वर्दीवर पाठवू नये.

शारीरिक क्षमता पाहिल्याविना आपण कोणास या सेवेत घेत नाही. घातक रसायनांची जाण हीही त्या क्षमतेचाच भाग मानून येत्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी स्वतंत्र तरतूद व्हावी, नियमांचा मसुदा सिद्ध व्हावा, आणि मुंबईच्या जवानास मिळेल तीच उजळणी महाडच्या व कुरकुंभच्या जवानासही हक्काने मिळावी, ही मागणी प्रत्येक नागरिकाने आपल्या लोकप्रतिनिधीकडे आग्रहाने केली पाहिजे.