घरचे आरोग्य : शरबतातली साखर जाते कुठे?

रमजानमध्ये कारंजा लाडच्या घराघरांत मगरिबच्या अजानआधी दस्तरखानावर खजूर, भजी, फळे आणि शरबताचे ग्लास मांडले जातात. सुमारे १३ तासांच्या रोजानंतर गोडाची ओढ लागणारच. पण घशाखाली उतरलेल्या साखरेचे पुढे काय होते?

लहान आतड्यात साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात एका वेळी जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभर ग्लुकोज असते. ते वाढले की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. मग ग्लुकोज पेशींत जाते. काही लगेच खर्च होते, तर काही ग्लायकोजेनच्या रूपात साठते. हा साठा यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम असतो.

यकृताची कणगी साऱ्या शरीरासाठी असते. रोजात याच कणगीतून मेंदूला ग्लुकोज मिळते. स्नायूंचा साठा मात्र स्नायूच वापरतात. तो रक्तात परत येत नाही. यकृताचा साठा उतरू लागला की शरीर चरबी जाळू लागते. म्हणूनच रोजा झेपतो. पण कणग्या भरलेल्या असताना रोज गरजेपेक्षा जास्त खात राहिलो, तर चरबी वाढत जाते.

मधुमेहात इन्सुलिन कमी पडते किंवा त्याचा परिणाम नीट होत नाही. अशा वेळी चार चमचे साखरेचे शरबत रक्तातली साखर झपाट्याने वाढवते. उलट, इन्सुलिन किंवा काही गोळ्यांमुळे दुपारी साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे. साखर ७० पेक्षा कमी किंवा ३०० पेक्षा जास्त आली, तर रोजा सोडावा, असा डॉक्टरांचा सल्ला असतो.

घरातले बुजुर्ग अनेकदा हे त्रास लपवतात. त्यांना प्रेमाने सांगू या की, आजाऱ्याला सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. रमजानच्या महिना-दीड महिना आधीच डॉक्टरांना भेटून औषधाच्या वेळा ठरवाव्यात. सहरीला ज्वारीची भाकरी, डाळ, दही घ्यावे. त्यातले पिष्ट हळूहळू पचते. इफ्तारला एक-दोन खजूर आणि साधे पाणी पुरे. शरबताऐवजी लिंबूपाणी, तेही बिनसाखरेचे. शीरखुर्मा ईदला जरूर करू या, फक्त वाटी लहान घेऊ या.