जुन्या कामगाराचा वाढीतील वाटा

भोसरी, शिरोली किंवा सातपूर येथील वाढत्या लघुउद्योगांत एक विसंगती वारंवार आढळते. दोन लेथवर सुरू झालेल्या कारखान्याची शेड मोठी होते, सीएनसी यंत्रे येतात, मागणी वाढते. पण पहिल्या दिवसापासून राबणाऱ्या टर्नरचा पगार कालपरवा आलेल्या तरुणापेक्षा कमी असतो. मालक लबाड असतोच असे नाही. दोष बहुधा हिशेबाच्या रीतीत असतो.

समजा, २००५ साली एक कामगार साडेपाच हजार रुपयांवर लागला आणि त्याला दरसाल सहा टक्के वाढ मिळत गेली. वीस वर्षांनी त्याचा पगार सतरा हजार सहाशेच्या आसपास जाईल. त्याच कामासाठी नवा माणूस बाजारात बावीस हजारांखाली मिळत नसेल, तर मालक ते निमूटपणे देतो. नव्याचा पगार आजच्या बाजाराशी, तर जुन्याचा वीस वर्षांपूर्वीच्या आकड्याशी बांधलेला राहतो.

मग जुना कामगार सोडून का जात नाही? याचे उत्तर निष्ठेत जितके आहे, तितकेच अर्थशास्त्रात आहे. कोणते यंत्र कधी कुरकुरते, कोणत्या ग्राहकाला किती अचूक माल लागतो, हे ज्ञान त्याच कारखान्यात मोलाचे असते. दाराबाहेर त्याला भाव नसतो. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात अशा विशिष्ट कौशल्याची मीमांसा केली व त्याचा खर्च आणि लाभ दोन्ही पक्षांत वाटला जातो, असे दाखविले. आपल्याकडे लाभ मात्र पुष्कळदा एकाच पारड्यात पडतो. कारण कामगाराला घासाघीस करण्यासाठी दुसरे दार उघडे नसते.

मालकाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. घर गहाण टाकून धोका त्याने पत्करला. उत्पादन वाढले ते नव्या यंत्रांमुळेही वाढले. नुसती वर्षे भरली म्हणून कार्यक्षमता वाढत नाही. हे सर्व मान्य केले तरी मूळ प्रश्न उरतोच. न्याय्य वेतन समितीने १९४९ मध्येच सांगितले होते, की किमान वेतन ही खालची मर्यादा, आणि उद्योगाची देण्याची कुवत ही वरची. कुवत वाढली असताना तळाच्या मर्यादेकडे बोट दाखविणे म्हणजे अर्धेच तत्त्व पाळणे होय.

कायद्याने आता थोडे पाऊल पुढे टाकले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनुसार वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. याचा अर्थ निवृत्तीच्या दिवशी कळतो. चोवीस हजारांच्या पगारात मूळ वेतन आठ हजारच दाखविले असेल, तर जुन्या रीतीने वीस वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे ९२,३०० रुपये होते. बारा हजार धरल्यास ती सुमारे १,३८,४०० होते. फरक कागदावरील विभागणीचा, पण तो म्हाताऱ्या माणसाच्या औषधपाण्याचा प्रश्न ठरतो.

तथापि वाढीतील वाटा कायदा ठरवून देत नाही. बोनसची ८.३३ ते २० टक्क्यांची तरतूद वीसहून कमी कामगारांच्या कारखान्यांना लागू नाही. तेथे मालकाने स्वतःच तीन हिशेब वेगळे ठेवले पाहिजेत. महागाईची भरपाई ही वाढ नव्हे; ती दरसाल दिलीच पाहिजे. कामाचा दर त्याच कामासाठी नवा माणूस घ्यावा लागला तर काय पडेल, यावरून दोन-तीन वर्षांनी तपासावा. आणि नफ्यातील वाटा आधी जाहीर केलेल्या सूत्राने, सेवेची वर्षे लक्षात घेऊन द्यावा. नफा घटला तर तोही घटेल, म्हणजे धंद्यावर कायमचा बोजा पडणार नाही.

दिवाळीला हातावर ठेवलेले पाकीट या सूत्राची जागा घेऊ शकत नाही. पाकिटात मालकाची मर्जी असते, सूत्रात कामगाराचा हक्क. ज्याच्या हातांनी कारखाना उभा राहिला, त्याला वाढीच्या काळात मर्जीवर ठेवणे हा अन्याय तर आहेच; शिवाय तो तोट्याचा व्यवहार आहे. तो माणूस गेला, की त्याच्याबरोबर वीस वर्षांचे ज्ञानही जाते, आणि ते बाजारात विकत मिळत नाही.